धारेसमोर आलेली गोळी

जपानच्या फुजी टेलिव्हिजनवर 2002 ते 2006 या काळात 'तोरिबिया नो इझुमी' नावाचा एक कार्यक्रम चालत असे. पोटापाण्याला उपयोगी न पडणारी, पण ऐकताच माणूस थबकेल अशी माहिती शोधून दाखवणे हे त्याचे काम. प्रेक्षक प्रश्न पाठवत आणि कार्यक्रमाची मंडळी खरोखरीचा प्रयोग करून उत्तर काढत. त्यात एकदा प्रश्न निघाला, की काताना, म्हणजे जपानी तलवार, आणि पिस्तुलाची गोळी समोरासमोर आल्या तर कोण टिकेल? उत्तरादाखल चित्रित झालेली फीत आजही जगभर पाहिली जाते. पुढे त्याच कार्यक्रमाने पिस्तुलाच्या जागी अवजड मशीनगन ठेवून दुसरी फीत केली. दोन्ही मिळून काही मिनिटांचाच ऐवज आहे. पण कारागिरीविषयी आणि हरण्याविषयी इतके नेमके बोलणारी दृश्ये मी फार थोडी पाहिली आहेत, म्हणून त्यांचे सावकाश वाचन करावेसे वाटते.

पहिल्या फितीची मांडणीच विलक्षण आहे. तलवार कोणाच्या हातात नाही. ती एका पकडीत घट्ट आवळून उभी केली आहे. धार पिस्तुलाच्या नळीकडे, पाठ पलीकडे. पिस्तूलही कोणाच्या मनगटाच्या भरवशावर सोडलेले नाही. नेम धारेच्या रेषेवर आधीच जुळवून घेतला आहे. म्हणजे या द्वंद्वात योद्धा कोणीच नाही. सामुरायच्या चित्रपटांतून आपल्याला माहीत झालेली तलवार ही मुळात हालचाल असते. म्यानाकडे सरकणारा अंगठा, वळलेली कंबर, पुढे पडलेले पाऊल, आणि मग कुठे पात्याची चमक. इथे ते सगळे वजा केले आहे. उरले आहे नुसते पाते. प्रयोगाची सोय म्हणून हे झाले असेल, पण त्याने प्रश्नच बदलून टाकला. तलवारबाज किती चपळ, हे विचारण्याची जागाच राहिली नाही. हे पोलाद कसे घडवले आहे, एवढेच विचारायचे राहिले.

चाप ओढला जातो. साध्या डोळ्यांना काहीच कळत नाही. आवाज होतो, आणि पाते होते तिथेच असते. मग तोच क्षण अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलेल्या संथ गतीत पुन्हा दाखवतात. गोळी डावी-उजवी न होता सरळ येते. धारेला टेकते. टेकल्यावर ती थांबत नाही, परतत नाही, चपटी होत नाही. ती मधोमध उकलते आणि तिची दोन शकले पात्याच्या दोन अंगांनी पुढे निघून जातात. पात्यातून एक थरथर वर चढते आणि विरते. धार शाबूत असते.

या दृश्याचा पहिला रस अद्भुत आहे, आणि बहुतेक प्रेक्षक तिथेच तृप्त होतात. 'तलवारीने बंदुकीला हरवले' असा जल्लोष होतो. मला तो जल्लोष थोडा घाईचा वाटतो. मोठ्या बोअरच्या पिस्तुलाची गोळी साधारण 15 ग्रॅम वजनाची, सेकंदाला 250 मीटरच्या आसपास वेगाने येणारी. तिच्यातली ऊर्जा पाचशे ज्यूलच्या घरात. हे आकडे माणसाच्या देहासाठी भयानक आहेत. पोलादाच्या धारेसाठी मात्र ती गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ वेष्टनात गुंडाळलेले शिसे, आणि शिसे इतके मऊ की नखानेही त्यावर ओरखडा उठतो. अमेरिकेत जाहीर खेळ करणारे नेमबाज कुऱ्हाडीच्या पात्यावर गोळी मारून तिचे दोन तुकडे करून दाखवत आले आहेत. गोळीचे दोन भाग होणे हा काही कातानाचा एकटीचा पराक्रम नव्हे.

मग या फितीत पाहायचे काय? पाहायचे ते गोळीचे काय झाले हे नव्हे, धारेचे काय झाले नाही ते. सतरा मिलिमीटरच्या आसपास लांबीची गोळी त्या वेगाने धारेवरून पार व्हायला सेकंदाचा साधारण पंधरा हजारावा भाग लागतो. एवढ्या वेळात तो सगळा धक्का केसाएवढ्या रुंदीच्या पोलादाने अंगावर घ्यायचा आणि त्याची कपची उडता कामा नये. इतके कठीण पोलाद सहसा ठिसूळ असते. जे ठिसूळ नसते ते इतके कठीण नसते. धार शाबूत राहते तेव्हा या दोन विरोधी गुणांचा समेट आपल्याला दिसत असतो, आणि तो समेट गोळी येण्याच्या कितीतरी आधी, लोहाराच्या अंधारलेल्या कामशाळेत झालेला असतो.

तो कसा होतो, हे इथे विस्ताराने सांगितल्याशिवाय फितीचा आस्वाद अपुरा राहील.

जपानच्या शिमाने प्रांतात ओकुइझुमो इथे मातीची एक भट्टी आहे. तिला तातारा म्हणतात. महायुद्धानंतर विझलेली ही परंपरा जपानी कला-तलवारींच्या जतनासाठी 1948 साली स्थापन झालेल्या संस्थेने 1977 मध्ये पुन्हा पेटवली. तीन दिवस आणि तीन रात्री भट्टी जळत राहते. सुमारे दहा टन लोहवाळू आणि बारा टन लोणारी कोळसा तिच्या पोटात जातो आणि अडीच टनांच्या आसपास एक ओबडधोबड लोहपिंड हाती येतो. त्यातला निवडक भाग म्हणजे तामाहागाने हे तलवारीचे पोलाद. लोहार त्याचे तुकडे तोडून, पारखून, एकत्र तापवून घणाखाली घेतो. लांबवतो, मध्ये खाच देऊन दुमडतो, पुन्हा ठोकतो. अशा दहा-पंधरा घड्यांत मळी बाहेर फेकली जाते, कर्ब सगळीकडे सारखा पसरतो आणि हजारो थर एकजीव होतात. मग त्या कठीण पोलादाच्या कवचात मऊ लोखंडाचा गाभा बसवतात. बाहेरून करारी आणि आतून सोशिक अशी ही जोडणी.

आणि मग पाणी देणे. पात्यावर माती, कोळशाची पूड आणि धार लावण्याच्या दगडाची पूड यांचा लेप चढवतात. पाठीवर जाड, धारेवर पातळ. कामशाळेतला उजेड घालवतात, कारण तापलेल्या पोलादाचा रंग अंधारातच खरा कळतो. आठशे अंशांच्या जरा अलीकडे तो रंग मनाजोगता उतरला, की पाते एकदम पाण्यात. पातळ लेपाखालची धार क्षणात निवते. आत विरघळलेल्या कर्बाला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो जागच्या जागी अडकतो आणि धार काचेसारखी कठीण होते. जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते आणि लवचीक राहते. कठीण झालेली धार आकारमानाने किंचित फुगते, पाठ तशी फुगत नाही, आणि या ओढाताणीत पाते आधी धारेच्या बाजूला झुकते, मग मागे वळते. कातानाची ती देखणी कमान लोहाराने वाकवून काढलेली नसते. त्याने सरळसर घडवलेल्या पात्याला ती पाण्यात येते. याच वेळी धार आणि पाठ यांच्या सीमेवर धुकट पांढरी लहर उमटते, तिला हामोन म्हणतात. त्या लहरीवरून जाणकार घराणे ओळखतो.

याच क्षणी पाते मरूही शकते. ओढाताण पेलली नाही तर धारेला आडवी चीर जाते. ती इतकी बारीक असते, की झिलई दिल्यावर नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही, पण जपानी पारखी त्या चिरेला क्षमा करत नाहीत. गंज घासून काढता येतो, लहानशी कपची पुन्हा धार लावून मिटवता येते. चीर गेलेले पाते मात्र बाद.

हे सगळे मनात ठेवून पहिली फीत पुन्हा पाहावी. गोळी धारेला टेकते तेव्हा तिचा सामना होतो काचेसारख्या कठीण पोलादाशी, आणि ती धार पुढे रेटली न जाता उभी राहते ती मागच्या मऊ पाठीच्या आणि गाभ्याच्या आधाराने. पात्यातून चढत गेलेली ती थरथर म्हणजे धारेने घेतलेला धक्का पाठीच्या स्वाधीन होतानाची खूण. धारेच्या मागे पात्याचे गाल सपाट नसतात, शिंपल्यासारखे हलके फुगीर असतात, आणि फुटलेल्या शिशाला ते दोन्हीकडे सारखेच ढकलतात. गोळी बरोबर मधोमध आली, म्हणून डावीकडचा रेटा आणि उजवीकडचा रेटा एकमेकांना फेडून टाकतात. तीच गोळी बोटभर बाजूने येऊन पात्याच्या गालावर आदळली असती, तर कथा निराळी झाली असती. पात्याची सारी ताकद धारेच्या दिशेत आहे. आडव्या माराला ते कधीच पुरेसे तयार नसते.

तलवारीची परीक्षा घेण्याची ही हौस दूरचित्रवाणीने जन्माला घातलेली नाही. एदो काळात, तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत, तलवारी तपासणे हा एक अधिकृत व्यवसाय होता. यामादा आसाएमोन हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालवणारे घराणे देहदंड झालेल्यांच्या प्रेतांवर पाती चालवून पाहत असे आणि निकाल पात्याच्या मुठीत दडणाऱ्या भागावर सोन्याच्या अक्षरांत कोरला जाई. आज संग्रहालयांत ही अक्षरे वाचताना अंगावर काटा येतो. त्यापेक्षा मला वेगळी परीक्षा अधिक जवळची वाटते. ती 1853 साली शिनानो प्रांतातल्या मात्सुशिरो संस्थानात झाली.

त्या काळी ताइकेई नाओताने हा एदोमधला फार मोठा लोहार. त्याचे नाव, त्याचे गुरू, त्याचा हामोन यांचा सगळीकडे दबदबा. मात्सुशिरोच्या सानादा घराण्याने त्याची पाती घेतली होती, आणि ती खरोखर कामाची आहेत का अशी शंका आली. म्हणून परीक्षा ठरली. नाओतानेच्या पात्यांबरोबर यामाउरा मासाओ या त्याच मुलखातल्या लोहाराचे पातेही आणले गेले. एदोमध्ये नावाजलेल्या कियोमारोचा हा थोरला भाऊ. वाळल्या गवताचे भारे, बांबू, हरणाचे शिंग, जुने लोखंड, शिरस्त्राण अशा चढत्या क्रमाने पाती चालवली गेली. नाओतानेचे काम लवकरच उघडे पडले. मासाओचे पाते एकामागून एक घाव पचवत गेले, वाकले, खरवडले, पण तुटेना. तेव्हा परीक्षकांनी लोखंडी घणाने ते बडवायला घेतले आणि अखेर ते मोडले तेव्हाच थांबले. घावागणिक काय झाले याची नोंद ठेवली गेली. मासाओ पुढे संस्थानाच्या चाकरीत आला.

या परीक्षेत मला भावते ती तिची निर्दय प्रामाणिकता. नाव, घराणे, शोभा हे सगळे बाजूला ठेवून पात्याला शेवटपर्यंत नेले. पाते जिंकते की हरते, हे तिथे कोणाला नको होते. कुठल्या घावाला काय होते, हे हवे होते. आणि वर्ष पाहा. त्याच 1853 च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या कमोडोर पेरीची काळी जहाजे उरागाच्या खाडीत तोफा रोखून उभी राहिली. तोफांचे पाश्चात्त्य शास्त्र जपानात शिकवणारा त्या काळातला एक अग्रणी, साकुमा शोझान, हाही याच मात्सुशिरोचा. एकाच लहान संस्थानात एकीकडे तलवारीची आजवरची सर्वांत कठोर परीक्षा चालली होती आणि दुसरीकडे तिला निरुपयोगी ठरवणाऱ्या यंत्राचा अभ्यास.

तलवार आणि बंदूक यांचे नाते जपानात याहून जुने आणि गुंतागुंतीचे आहे. 1543 साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज उतरले आणि बेटाचा तरुण सरदार तोकिताका याने त्यांच्याकडून दोन तोड्याच्या बंदुका विकत घेतल्या. त्यांची नक्कल करण्याचे काम त्याने दिले याइता किंबेई नावाच्या लोहाराला, आणि तो तलवारी घडवणारा लोहार होता. जपानची पहिली बंदूक तलवारीच्या ऐरणीवरच जन्मली. त्या बंदुकांच्या चापाची रचना गोव्यातल्या पोर्तुगीज शस्त्रशाळेच्या बंदुकांशी जुळते असे जुन्या शस्त्रांचे अभ्यासक सांगतात. तेव्हा मांडवीच्या काठचे काही कसब त्या बेटापर्यंत पोचले असणे शक्य आहे. बत्तीस वर्षांनी, 1575 मध्ये, नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाच्या बंदूकधाऱ्यांनी ताकेदा कात्सुयोरीच्या नामांकित सैन्याची दाणादाण उडवली.

आता दुसरी फीत.

मांडणी तीच आहे. पकडीत आवळलेले पाते, समोर नेम. पण समोर आता जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यातून उतरलेली, 1933 पासून अमेरिकी लष्करात असलेली एम-टू जातीची 12.7 मिलिमीटरची मशीनगन आहे. तिची गोळी चाळीस ग्रॅमच्या वर, वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या जवळ, ऊर्जा सतरा हजार ज्यूलच्या आसपास. म्हणजे पिस्तुलाच्या गोळीपेक्षा सुमारे पस्तीस पट. शिवाय या जातीच्या साध्या लष्करी गोळीच्या पोटात शिशाऐवजी मऊ पोलादाचा गाभा असतो. पहिल्या फितीत पोलादासमोर शिसे होते. इथे लोखंडासमोर लोखंड उभे राहते.

पहिली गोळी येते आणि दुभंगते. हे मला पहिल्या फितीतल्या सगळ्या दृश्यापेक्षा मोठे वाटते. रणगाड्यांच्या आणि विमानांच्या जगात जन्मलेली ती गोळी, आणि तिला मधोमध फाडणारी, गवताचे भारे आणि चिलखत डोळ्यांसमोर ठेवून शतकांपूर्वी ठरलेली ती धार. दुसरी येते, तीही फाटते. पण आता पाते तेच राहिलेले नाही. धक्के एकाच जागी बसत आहेत. धारेवर दात पडतो. शहारे लांबत जातात. पुढची गोळी फाटते तेव्हा पाते इतके डोलते, की पाहणाऱ्याचा श्वास अडतो. आणि मग, आणखी काही गोळ्यांनंतर, जिथे मार साचला होता तिथे ते मोडते आणि वरचा भाग वेगळा होऊन फेकला जातो.

इथे रस बदलतो. पहिल्या फितीत अद्भुत होता. इथे वीराच्या पोटातून करुण उगवतो. आणि तो कुठल्याही संवादाविना उगवतो, निव्वळ वस्तूच्या वागण्यातून. पाते एकदम मोडले असते तर आपल्याला दया आली असती, करुण रस जाणवला नसता. ते टिकत टिकत मोडते. प्रत्येक गोळी फाडताना पुढची फाडण्याची ताकद त्याच्यातून थोडी थोडी जात असते, हे आपण संथ गतीमुळे डोळ्यांनी पाहू शकतो. धारेला दात पडला की तिथे ताण गोळा होतो. पुढचा धक्का त्या दाताच्या तळाशी चीर सुरू करतो. चीर कठीण भागातून झरझर धावते आणि मऊ भागात शिरल्यावर मंदावते. मऊ गाभा आणि लवचीक पाठ त्या चिरेला अडवून धरतात, म्हणून मधल्या गोळ्या पाते झेलू शकते. लोहाराने पाठ मऊ ठेवली ती नेमकी याच कामासाठी. पात्याचे मरण लांबवणे हाच त्या मऊपणाचा हेतू होता, आणि समोर पस्तीस पट मोठा शत्रू उभा असताना पाठ ते काम शेवटपर्यंत करत राहते.

म्हणून मी दुसरी फीत पहिलीपेक्षा वरची मानतो. पहिलीत आपल्याला धारेचे कसब दिसते. दुसरीत पाठीचेही दिसते, आणि पाठीचे कसब हरताना पाहिल्याशिवाय दिसतच नाही.

आज अशा परीक्षा पुष्कळ होतात. बाजारात मिळणाऱ्या आधुनिक काताना बहुधा तामाहागानेच्या नसतात. साधे कर्बपोलाद, हत्यारांसाठी बनणारे मिश्रपोलाद, किंवा सिलिकॉन-मँगनीज मिसळलेले स्प्रिंगचे पोलाद त्यांत वापरतात. त्यातले शेवटचे आपल्याकडच्या लोहारांच्या ओळखीचे आहे. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून ते कोयते काढतात तेव्हा याच कुळातले पोलाद हाताळतात. कारखान्यातले पोलाद स्वच्छ असते, त्यात मळी नसते, घड्या घालण्याची गरज नसते. स्प्रिंगच्या पोलादाचे पाते वाकून पुन्हा सरळ होईल आणि बहुधा कित्येक बाबतींत जुन्या पद्धतीच्या पात्याहून अधिक सोसेलही. हे मान्य करण्यात तामाहागानेचा अपमान नाही. लोहवाळूसारख्या अडचणीच्या कच्च्या मालातून, कोळशाच्या आचेवर, डोळ्याने रंग पारखत जे साधले गेले त्याची थोरवी याच तुलनेतून जास्त कळते.

तरीही एक गोष्ट या दोन्ही फिती सांगू शकत नाहीत, आणि ती समजून घ्यायला अकिरा कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराय'कडे जावे लागते. 1954 चा हा चित्रपट. त्यात क्यूझो नावाचा सामुराय आहे. सेइजी मियागुची या नटाने तो साकारला आहे. किरकोळ अंगाचा, अबोल, तलवारीच्या कलेत पूर्णत्व गाठण्यापलीकडे कशाचीच हाव नसलेला. आपली त्याच्याशी ओळखच एका परीक्षेने होते. तो एका धिप्पाड प्रतिस्पर्ध्याशी काठीने खेळतो. खेळ संपल्यावर प्रतिस्पर्धी म्हणतो, बरोबरी झाली. क्यूझो शांतपणे सांगतो, खऱ्या तलवारी असत्या तर तू मेला असतास. तो चिडतो, खऱ्या तलवारी निघतात, आणि क्यूझोने सांगितले होते तसेच घडते. तो माणूस संथ गतीत कोसळतो. काठीची परीक्षा आणि तलवारीचे सत्य यांत जे अंतर आहे, ते कुरोसावाने तिथे एका घावात मोजून दिले आहे.

पुढे दरोडेखोरांकडे तीन बंदुका आहेत असे कळते. क्यूझो कोणालाही फारसे न सांगता रात्री एकटा निघून जातो. पहाटे धुक्यातून परततो तेव्हा हातात एक बंदूक असते. ती तो देऊन टाकतो आणि बसल्या जागी झोपायला लागतो. तरुण कात्सुशिरो भारावून त्याच्यापाशी जातो, तुम्ही खरेच थोर आहात असे म्हणतो. क्यूझोच्या चेहऱ्यावर किंचित हसू येते आणि तो डोळे मिटतो. तलवारबाजाने बंदुकीवर मिळवलेला हा विजय पडद्यावर दिसतच नाही; तो अंधारात, आपल्या नजरेआड झालेला असतो. शेवटच्या लढाईत, धो धो पावसात आणि चिखलात, घरात लपलेला म्होरक्या गोळी झाडतो आणि क्यूझो पडतो. पडता पडता तो हातातली तलवार गोळी आली त्या दिशेने भिरकावतो. सातांपैकी चार सामुराय मरतात आणि चौघेही गोळीनेच मरतात. तलवारीने त्यांच्यापैकी एकालाही कोणी मारू शकत नाही.

या मृत्यूपाशी मी दोन्ही फिती ठेवून पाहतो. क्यूझोचे पाते त्या गोळीला दोन भागांत फाडू शकले असते. तोड्याच्या बंदुकीची ती शिशाची गोल गोळी, तिच्या अंगावर तांब्याचे वेष्टनसुद्धा नसते. पोलाद तयार होते. पण गोळी पात्याकडे आलीच नाही. ती माणसाकडे आली, बाजूने, न दिसता, कोणाच्याही कौशल्याची दखल न घेता. इतिहासात गोळी नेहमी अशीच आली. तलवारीचे आणि तिचे तोंड कधी पडलेच नाही. जे नागाशिनोला घडले नाही, जे क्यूझोच्या नशिबी नव्हते, ते फुजी टेलिव्हिजनच्या त्या मांडणीने पात्याला दिले: गोळीला धारेसमोर आणले. पकड, नेम, मोजलेले अंतर हा सारा खटाटोप त्या एका भेटीसाठी होता. पाते या भेटीला किती लायक होते, हे पहिल्या फितीने दाखवले. लायकीची सीमा कुठे होती, हे दुसरीने दाखवले.

यावर काहीजण कळवळून विचारतात, की एक चांगले पाते करमणुकीपायी मोडायचे का? प्रश्न खरा आहे. महायुद्धानंतर अमेरिकी ताब्याच्या काळात असंख्य तलवारी जप्त झाल्या, नष्ट झाल्या, घडवण्यावरही बंदी आली. आज जपानात तलवार घडवायची तर परवाना लागतो. त्याआधी परवानाधारक गुरूकडे किमान पाच वर्षे उमेदवारी करावी लागते. आणि परवाना मिळाल्यावरही महिन्याला दोनच लांब पाती घडवण्याची मुभा असते. मियाइरी आकिहिरा यांना 1963 मध्ये जपानने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून गौरवले तेव्हा तो गौरव जवळजवळ विझलेल्या आगीचा होता. अशा स्थितीत प्रत्येक पाते मोलाचे आहे, आणि जुनी, नावाजलेली पाती बंदुकीसमोर ठेवणे मला कधीच पटणार नाही. ती एकदा गेली की गेली.

पण हयात लोहाराने, जाणूनबुजून, परीक्षेसाठी घडवलेले पाते मोडावे, हे मला योग्य वाटते. आज बहुतेक नव्या काताना झिलई होऊन पांढऱ्या कापडावर निजतात आणि हामोनच्या लहरीसाठी वाखाणल्या जातात. ती लहर सुंदर आहे यात शंका नाही. पण धारेचा कठीणपणा आणि पाठीचा सोशिकपणा जिथे भेटतात ती सीमा म्हणजे ही लहर, आणि त्या सीमेचे काम काय, हे कापडावर निजलेल्या पात्यावरून कळत नाही. मार घेणाऱ्या पात्यावरून कळते. फक्त परीक्षा घेणाऱ्यांकडे एक मागणे आहे. अशा चित्रफितींत बंदुकीची जात, बोअर, गोळीचे वजन, वेग हे सगळे हौसेने सांगतात. पाते कोणत्या लोहाराने घडवले, कोणते पोलाद घेतले, पाणी कसे दिले, हे पुष्कळदा सांगायचे राहून जाते. ते सांगावे, आणि मोडल्यावर मोडलेल्या तोंडावर कॅमेरा थोडा वेळ धरावा. त्या तुटलेल्या तोंडावर कठीण धारेचा बारीक राखाडी कण आणि मऊ गाभ्याचे ओढले गेलेले तंतू वेगवेगळे दिसतात. लोहाराचे काम कुठवर साधले आणि कुठे उणे पडले, ते त्यावरून वाचता येते. मात्सुशिरोच्या नोंदीत दोघांचीही नावे आहेत, ज्याचे पाते टिकले त्याचे आणि ज्याचे हरले त्याचेही.